ॲडजेक्टिव्ह की ॲडव्हर्ब? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पायरी-पायरीने

पुण्यात शास्त्री रोडवरच्या अभ्यासिकांमध्ये राज्यघटना आणि भूगोल कोळून प्यायलेली मुलं इंग्रजी व्याकरणाची प्रश्नपत्रिका समोर आली की गप्प होतात. टेन्सचे तक्ते पाठ असतात, आर्टिकलचे नियमही. गाडी अडते ती इथे: 'ही प्लेज गुड' चूक आणि 'इट टेस्ट्स गुड' बरोबर, असं का? दोन्हीकडे शब्द क्रियापदानंतरच आलाय ना?

मी स्वतः मराठी माध्यमातली. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आले आणि पुढे हिंजवडीत नोकरी लागली. तिथे रोज इंग्रजीत मेल लिहावे लागले, तेव्हा हा विषय पुन्हा मुळापासून शिकले. आता रविवारी अभ्यासिकेतल्या मुलामुलींना तो समजावून सांगते. क्लासच्या नोट्समध्ये बहुतेक वेळा 'एलवाय लागलं की ॲडव्हर्ब' एवढंच लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे, आणि परीक्षेत प्रश्न नेमका उरलेल्या अर्ध्यावर येतो.

आधी हे समजून घ्या: गोंधळ येतो कुठून

'तो चांगला मुलगा आहे' आणि 'तो चांगला गातो' ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात 'चांगला' मुलाबद्दल सांगतो, दुसऱ्यात गाण्याबद्दल. शब्द मात्र तोच. गाणारी मुलगी असेल तर 'ती चांगली गाते'. म्हणजे गाण्याबद्दल बोलणारा शब्दसुद्धा मराठीत गाणाऱ्याचं लिंग आणि वचन घेतो. आपल्या कानाला हे इतकं सवयीचं आहे की इथे एका शब्दाने दोन कामं केली हे जाणवतही नाही.

इंग्रजीचं नेमकं उलट आहे. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड बॉइज': लिंग बदला, वचन बदला, 'गुड' जागचं हलत नाही. पण काम बदललं की शब्द बदलतो: 'शी इज अ गुड सिंगर', पण 'शी सिंग्ज वेल'.

शाळेत शिकलेली नावंही थोडी दिशाभूल करतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. शब्दांच्या आठ जातींची आपली शालेय मांडणी त्याच वळणाची आहे. त्यामुळे इंग्रजी आणि मराठी नावांच्या जोड्या पटापट लागतात: ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण अव्यय. इथवर ठीक. पण 'क्रियाविशेषण' म्हटलं की वाटतं, हा शब्द फक्त क्रियापदाबद्दल सांगणार. इंग्रजी ॲडव्हर्ब क्रियापदाबद्दल सांगतं, ॲडजेक्टिव्हबद्दल सांगतं, दुसऱ्या ॲडव्हर्बबद्दल सांगतं आणि कधी कधी अख्ख्या वाक्याबद्दलही. एवढी एक दुरुस्ती डोक्यात करून पुढे चला.

१. सामान जमवा

- एक वही आणि पेन्सिल. पेनने करू नका, खूप खोडावं लागतं.
- एक लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींच्या मोबाईलवर फुकट बघता येतात. छापील हवी असेल तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांमध्ये चांगल्या स्थितीतली मिळून जाते. इंग्रजी-मराठी डिक्शनरी या कामाला पुरत नाही, कारण तिच्यात अर्थ मिळतो, वापराची वाक्यं क्वचितच मिळतात.
- परीक्षा देणार असाल तर लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरच्या आधीच्या प्रश्नपत्रिका.
- नोकरीत असाल तर तुम्ही स्वतः पाठवलेले जुने मेल. यासारखं सरावाचं साहित्य कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

डिक्शनरीत शब्दापुढे बारीक अक्षरात 'ए-डी-जे' किंवा 'ए-डी-व्ही' लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते ओलांडून थेट अर्थावर जातात. आजपासून आधी ती अक्षरं बघायची, मग अर्थ. काही शब्दांपुढे दोन्ही दिसतील. घाबरू नका, त्यांची गोष्ट पाचव्या पायरीवर आहे.

२. बाण काढा

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. ज्या शब्दाबद्दल शंका आहे त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तो ज्या शब्दाबद्दल काहीतरी सांगतोय तिथपर्यंत बाण काढा. बाण नामावर किंवा सर्वनामावर जाऊन टेकला तर ॲडजेक्टिव्ह. दुसरीकडे कुठेही टेकला तर ॲडव्हर्ब.

'द मेट्रो इज क्विक': बाण 'मेट्रो'वर, म्हणून ॲडजेक्टिव्ह.
'द मेट्रो रीचेस स्वारगेट क्विकली': बाण 'रीचेस'वर, म्हणून ॲडव्हर्ब.
'द बस वॉज टेरिबली क्राउडेड': 'टेरिबली'चा बाण 'क्राउडेड'वर. 'क्राउडेड' स्वतः ॲडजेक्टिव्ह आहे, तेव्हा 'टेरिबली' ॲडव्हर्ब.
'लकिली, द रेन स्टॉप्ड': बाण सगळ्या वाक्यावर. ॲडव्हर्ब.

शब्दाची जागा बघून ठरवू नका. 'अ न्यूली रिपेअर्ड रोड' मध्ये 'न्यूली' नामाच्या आधी कुठेतरी आहे म्हणून ते विशेषण होत नाही. रस्ता नवा नाही, दुरुस्ती नवी आहे. (पुण्यात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागू नये.) 'अ न्यू, रिपेअर्ड रोड' म्हटलं तर रस्ताच नवा ठरतो आणि अर्थ पार बदलतो.

३. '-पणे' लावून बघा

मराठीतही 'एलवाय'चं काम करणारे तुकडे आहेत, फक्त आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही. प्रामाणिक आणि प्रामाणिकपणे, शांत आणि शांतपणे, काळजी आणि काळजीपूर्वक, जोर आणि जोरात, वेग आणि वेगाने. तेव्हा इंग्रजी वाक्य मराठीत आणा आणि त्या शब्दाच्या जागी '-पणे', '-पूर्वक', '-ने' किंवा '-त' असलेला शब्द सहज बसतोय का ते बघा. बसला तर इंग्रजीत बहुधा ॲडव्हर्ब लागणार.

'ही आन्सर्ड ऑनेस्ट की ऑनेस्टली?' त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं. म्हणून 'ऑनेस्टली'.
'ही लुक्स ऑनेस्ट की ऑनेस्टली?' तो प्रामाणिक दिसतो. 'प्रामाणिकपणे दिसतो' असं कुणी म्हणत नाही. म्हणून 'ऑनेस्ट'.

ही युक्ती फसते ती चांगला, वाईट, छान, सुंदर, मस्त अशा शब्दांवर. त्यांना आपण '-पणे' न लावताच दोन्ही कामांना जुंपतो. तिथे पुन्हा बाणाकडे या.

४. एलवायवर आंधळा विश्वास ठेवू नका

ॲडजेक्टिव्हला एलवाय लावलं तर ॲडव्हर्ब मिळतं: स्लो–स्लोली, क्लिअर–क्लिअरली. नामाला एलवाय लावलं तर मात्र बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह मिळतं: फ्रेंड–फ्रेंडली, कॉस्ट–कॉस्टली, कॉवर्ड–कॉवर्डली. आणि लव्हली, लोनली, लाइव्हली, सिली, अग्ली, एल्डर्ली, डेडली ही सगळी मंडळी एलवाय मिरवत असली तरी ॲडजेक्टिव्हच. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा लाडका पर्याय यांच्यातूनच निवडलेला असतो.

मग 'तो मैत्रीच्या भावनेने बोलला' हे कसं म्हणायचं? 'ही स्पोक फ्रेंडली' चूक. 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' बरोबर. 'फ्रेंडलिली' असा शब्द डिक्शनरीत सापडतो, पण बोलताना कुणी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

डेली, वीकली, मंथली, अर्ली हे शब्द दोन्ही कामं करतात. 'अ डेली न्यूजपेपर' मध्ये ॲडजेक्टिव्ह, 'द न्यूजपेपर कम्स डेली' मध्ये ॲडव्हर्ब.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. शेवटी 'वाय' असेल तर तिथे 'आय' येतो: हॅपी–हॅपिली. 'जेंटल'सारखा शेवट असेल तर 'ई' जाऊन 'वाय' येतो: जेंटली. 'ट्रू'चा 'ई' गळतो: ट्रूली. शेवटी 'आय-सी' असेल तर 'ए-एल-एल-वाय' लागतं: बेसिक–बेसिकली, ऑटोमॅटिक–ऑटोमॅटिकली. अपवाद 'पब्लिकली', त्याला नुसतं एलवाय. उच्चारात हा फरक ऐकूच येत नाही, म्हणून हाताने लिहून पाठ करा.

५. एलवाय नसलेली ॲडव्हर्ब्ज

'फास्टली' हा शब्द नाही. पुण्यातल्या ऑफिसांत तो रोज ऐकू येतो, मेलमध्येही येतो, तरी नाही. 'फास्ट ट्रेन' आणि 'द ट्रेन रन्स फास्ट', दोन्हीकडे 'फास्ट'च. तसंच हार्ड, लेट, स्ट्रेट, हाय, लो, निअर. यांच्यातल्या काहींना एलवाय लागतं, पण मग अर्थ भलतीकडे जातो. खरी भीती त्यांचीच आहे.

'आय वर्क्ड हार्ड' म्हणजे मी कष्ट केले. 'आय हार्डली वर्क्ड' म्हणजे मी जवळजवळ काही कामच केलं नाही. मुलाखतीत हे वाक्य किती महागात पडेल याचा विचार करा.
'द बस केम लेट' म्हणजे बस उशिरा आली. 'लेटली' म्हणजे अलीकडे, गेल्या काही दिवसांत.
'शी लिव्ह्ज निअर' म्हणजे ती जवळ राहते. 'निअरली' म्हणजे जवळजवळ, थोडंसंच कमी.
'द काइट फ्लू हाय' म्हणजे पतंग उंच गेला. 'हायली' म्हणजे अतिशय: 'हायली क्वालिफाइड'.

घाटातल्या 'गो स्लो'च्या पाटीवरून दरवेळी वाद होतो. ती पाटी चुकीची नाही. 'स्लो' ॲडव्हर्ब म्हणूनही चालतं, डिक्शनरीत तशी नोंद आहे, आणि पाटीवर, घोषणेत, बोलण्यात ते चांगलं शोभतं. परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात मात्र 'ड्राइव्ह स्लोली' लिहा. ॲपलच्या १९९७ च्या 'थिंक डिफरंट' या घोषवाक्याचा दाखला देऊन उत्तरपत्रिकेत 'ही थिंक्स डिफरंट' लिहू नका. जाहिरातीला जी मोकळीक असते ती उमेदवाराला नसते.

तुलना करतानाही हाच हिशेब. एलवायवाल्यांना 'मोर' लागतं: मोर क्विकली, मोर केअरफुली. बिनएलवायवाल्यांना 'ईआर': फास्टर, हार्डर, लेटर. 'गुड' आणि 'वेल' दोघांचंही पुढचं रूप 'बेटर' आणि मग 'बेस्ट'. 'मोर बेटर' कुठेच चालत नाही.

६. लुक, स्मेल, टेस्ट, फील: इथे थांबा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. 'मिसळ चांगली लागते' याचं इंग्रजी 'द मिसळ टेस्ट्स गुड'. क्रियापद आहे, पुढचा शब्द त्याला चिकटून आहे, मग 'वेल' का नाही?

कारण मिसळ काहीच करत नाहीये. चव घेणारे आपण. 'टेस्ट्स' हे इथे कृती दाखवत नाही, मिसळ आणि तिचा गुण यांना जोडतं. बाण 'मिसळ'वर जातो, म्हणून ॲडजेक्टिव्ह.

आता त्याच दुकानाच्या आत चला. 'द कुक टेस्टेड द रस्सा केअरफुली.' इथे आचारी खरोखर पळी तोंडाला लावून चव घेतोय, आणि ती कशी घेतोय हे सांगायचंय. बाण 'टेस्टेड'वर. ॲडव्हर्ब. एकच क्रियापद, दोन वागणुका.

तपासायची सोपी रीत: त्या क्रियापदाच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' टाका. 'द मिसळ इज गुड', वाक्य उभं राहतं, तेव्हा ॲडजेक्टिव्ह ठेवा. 'द कुक वॉज द रस्सा', आचाऱ्याचा रस्सा झाला, वाक्य कोसळलं, तेव्हा ॲडव्हर्ब ठेवा.

असं जोडकाम करणारी क्रियापदं वहीत एका पानावर लिहून ठेवा: लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम, अपिअर, बिकम, गेट, ग्रो, टर्न, गो, रिमेन, स्टे, कीप. यांतली बरीचशी दुसऱ्या वेळी साधी कृतीही दाखवतात, म्हणून जोड्यांनी शिका:

- 'शी लुक्ड अँग्री': ती रागावलेली दिसत होती. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर': तिने कंडक्टरकडे रागाने बघितलं.
- 'द नाइट ग्रू कोल्ड': रात्र गार होत गेली. 'द सिटी ग्रू रॅपिडली': शहर झपाट्याने वाढलं.
- 'ही अपिअर्ड नर्व्हस': तो घाबरलेला वाटला. 'ही अपिअर्ड सडनली': तो अचानक उगवला.
- 'द मिल्क टर्न्ड सावर': दूध नासलं. 'द रिक्षा टर्न्ड शार्पली': रिक्षा एकदम वळली.

'मला वाईट वाटतं' याचं इंग्रजी 'आय फील बॅड'. 'आय फील बॅडली' म्हटलं की जास्त शुद्ध वाटतं, म्हणून हुशार मुलंही तिथे घसरतात.

याच घरातला आणखी एक प्रकार आहे, त्याबद्दल क्लासमध्ये फारसं सांगत नाहीत. कधी कधी शब्द वाक्याच्या अगदी शेवटी असतो आणि बाण कर्माकडे जातो. 'पेंट द वॉल येलो': पिवळी होते ती भिंत, रंगवण्याची क्रिया नव्हे. 'कीप द रूम क्लीन': स्वच्छ राहते ती खोली. 'क्लीनली' लिहायचा मोह होतो, आवरा. सगळ्यात सुंदर जोडी ही:

'आय फाउंड द बुक ईझी.' पुस्तक मला सोपं वाटलं.
'आय फाउंड द बुक ईझिली.' पुस्तक मला सहज सापडलं.

पहिलं वाक्य अभ्यासिकेत बसून म्हणायचं, दुसरं अप्पा बळवंत चौकातून परत आल्यावर. एका एलवायने वाचनाची शोधाशोध करून टाकली. ही जोडी नीट समजली तर सहावी पायरी तुम्ही पार केलीत असं समजा. नसेल समजली तर पुढे जाऊ नका, दोन्ही वाक्यांत बाण काढून बघा.

७. गुड आणि वेल

'गुड' ॲडजेक्टिव्ह, 'वेल' त्याचं ॲडव्हर्ब. 'हिज इंग्लिश इज गुड', 'ही स्पीक्स इंग्लिश वेल'. क्रम बघा: 'वेल' कर्मानंतर येतं. 'ही स्पीक्स वेल इंग्लिश' हा मराठी क्रम झाला.

गाठ आहे ती तब्येतीच्या बाबतीत. 'आय ॲम वेल' मध्ये 'वेल' ॲडजेक्टिव्ह आहे आणि अर्थ 'मी बरा आहे'. 'हाऊ आर यू?'ला 'आय ॲम गुड' असं उत्तर दिलं तर काही शिक्षक भुवया उंचावतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही, 'ॲम'नंतर ॲडजेक्टिव्हच येतं. औपचारिक ठिकाणी 'आय ॲम वेल, थँक यू' म्हणा आणि वाद टाळा.

८. घरी जाताना 'टू' नको

कुठे आणि केव्हा सांगणारे शब्दही ॲडव्हर्बच: हिअर, देअर, अपस्टेअर्स, आउटसाइड, नाऊ, येस्टरडे. यांच्याआधी प्रिपोझिशन लावायची गरज नसते, कारण 'ला', 'ई', 'त' हे प्रत्यय जणू यांच्या पोटातच असतात. 'आय वेंट टू होम' चूक, 'आय वेंट होम' बरोबर. 'कम टू हिअर' चूक, 'कम हिअर' बरोबर. 'होम' इतर वेळी नाम असतं, इथे ॲडव्हर्ब आहे.

पुण्यात दर दोन घरांआड कुणीतरी बाहेर शिकायला गेलेलं असतं, म्हणून हे खास. 'ही वेंट टू अब्रॉड' चूक, 'ही वेंट अब्रॉड' बरोबर. आणि आपलं 'तो फॉरेनला असतो'? 'फॉरेन' हे ॲडजेक्टिव्ह आहे, त्याला मागे नाम हवं: 'अ फॉरेन कंट्री'. 'ही लिव्ह्ज इन फॉरेन' हे मराठीत चालतं, इंग्रजीत 'ही लिव्ह्ज अब्रॉड'.

९. ठेवायचं कुठे

ऑलवेज, ऑफन, नेव्हर, युज्वली हे मुख्य क्रियापदाच्या आधी: 'आय ऑलवेज टेक द बस'. पण 'इज', 'ॲम', 'आर'च्या नंतर: 'द बस इज ऑलवेज लेट'. कसं केलं हे सांगणारे शब्द कर्माच्या नंतर: 'शी क्लोज्ड द डोअर क्वाएटली'. क्रियापद आणि कर्म यांच्या मधे शिरू नका.

'इनफ' ॲडव्हर्ब असताना शब्दाच्या मागे उभं राहतं: 'टॉल इनफ', 'इनफ टॉल' नव्हे. नामाबरोबर मात्र पुढे: 'इनफ मनी'.

असलीप, अवेक, अलाइव्ह, अलोन, अफ्रेड हे शब्द ॲडव्हर्बसारखे दिसतात, पण ॲडजेक्टिव्ह आहेत. नामाच्या आधी मात्र यांना जागा नाही. 'द चाइल्ड इज असलीप' म्हणा. 'ॲन असलीप चाइल्ड' म्हणू नका, तिथे 'स्लीपिंग' वापरा.

१०. मराठी कानाचे तीन सापळे

*शब्द दोनदा म्हणणं.* 'हळूहळू चालव', 'गरम गरम भजी'. इंग्रजीत 'स्लोली स्लोली' आणि 'हॉट हॉट' होत नाही. 'हळूहळू' म्हणजे क्रमाक्रमाने असेल तर 'ग्रॅज्युअली', नुसतं सावकाश असेल तर एकदाच 'स्लोली'.

*'च' साठी 'ओन्ली'.* 'मी कालच आलो' म्हणून 'आय केम येस्टरडे ओन्ली'. लिहिताना 'ओन्ली' ज्या शब्दावर जोर आहे त्याच्या आधी ठेवा: 'आय केम ओन्ली येस्टरडे'. जागा बदलली की अर्थ बदलतो. 'ओन्ली सुनील ॲन्सर्ड' म्हणजे फक्त सुनीलने उत्तर दिलं. 'द ओन्ली आन्सर' मध्ये मात्र ते ॲडजेक्टिव्ह आहे, बाण 'आन्सर'वर.

*'खूप' साठी 'टू'.* 'द मिसळ इज टू टेस्टी' असं कौतुकाने म्हटलं जातं. 'टू' म्हणजे नको इतकं: 'टू स्पायसी टू ईट'. खूपसाठी 'व्हेरी'. पण 'व्हेरी' थेट क्रियापदाला चिकटत नाही, म्हणून 'आय व्हेरी लाइक इट' नव्हे, 'आय लाइक इट व्हेरी मच'.

११. आता एक खरा मेल तपासा

ऑफिसात फिरतात तसा एक मेल खाली देते. आधी प्रत्येक वाक्यात बाण काढा, मगच उत्तरं वाचा.

'डिअर सर, द वर्क इज गोइंग गुड. वी हॅव चेक्ड ऑल द फाइल्स केअरफुल. द न्यू सिस्टिम इज वर्किंग प्रॉपर. द क्लायंट लुक्ड हॅपिली. ही वॉज रिअल इम्प्रेस्ड. द टीम वर्क्ड हार्डली. प्लीज रिप्लाय फास्टली.'

'गोइंग गुड': काम कसं चाललंय हे सांगायचंय, बाण 'गोइंग'वर, म्हणून 'गोइंग वेल'.

'केअरफुल': बाण 'चेक्ड'वर, म्हणून 'केअरफुली'. 'केअरफुल' फाइल्सच्या शेजारी बसलंय, पण फाइल्स काळजी घेत नाहीत.

'वर्किंग प्रॉपर': 'प्रॉपरली'. बोलताना आपण 'प्रॉपर चाललंय' म्हणतो, तेच मेलमध्ये उतरतं.

'लुक्ड हॅपिली': 'वॉज' टाकून बघा. 'द क्लायंट वॉज हॅपी' वाक्य उभं राहतं. म्हणून 'लुक्ड हॅपी'.

'रिअल इम्प्रेस्ड': बाण 'इम्प्रेस्ड'वर, म्हणून 'रिअली इम्प्रेस्ड'. अमेरिकन बोलीत 'रिअल' ऐकू येईल, मेलमध्ये लिहू नका.

'वर्क्ड हार्डली': आख्ख्या टीमची पगारवाढ घालवणारं वाक्य. 'वर्क्ड हार्ड'.

'रिप्लाय फास्टली': 'फास्टली' नाहीच. 'रिप्लाय फास्ट' व्याकरणाने चालेल, पण साहेबांना हुकूम सोडल्यासारखं वाटेल. 'प्लीज रिप्लाय सून' लिहा. जरा जास्त अदब हवी असेल तर 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' लिहा. तिथे 'अर्लिएस्ट' ॲडजेक्टिव्ह आहे, त्याचा बाण 'कन्व्हीनियन्स'वर जातो.